गाडी नेकनूरला बसली

आमच्याकडे विजेची गाडी आली तेव्हा बीडमध्ये अशा गाड्या मोजक्याच होत्या, आणि त्यातल्याही बऱ्याचशा कुठल्या ना कुठल्या पुढाऱ्याच्या अंगणात, मोठ्या डिझेल गाडीच्या शेजारी शोभेला उभ्या असायच्या. लांब जायचं असलं की पुढारी डिझेलची काढायचा, पर्यावरणावर भाषण असलं की विजेची. आमच्याकडे मात्र ती एकच. लग्नाला तीच, दवाखान्याला तीच, आणि भाषण करायला आमचे सर.

सर म्हणजे माझे यजमान. कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतात. सगळी कॉलनी त्यांना सर म्हणते म्हणून मीही म्हणते, निदान चारचौघांत. आंतरराष्ट्रीय संबंध हा त्यांचा आवडता विषय. कुठल्या देशानं कुठल्या देशाशी कसं जुळवून घ्यावं हे ते जेवता जेवतासुद्धा सांगू शकतात. मी स्वतः शाळेत शिकवते, त्यामुळे ऐकून घ्यायची मला सवय नाही. पण जेवताना तोंडात घास असतो.

गाडी घेण्याआधी कित्येक महिने ते मोबाईलवर व्हिडिओ बघत होते. त्यात एक सडपातळ मुलगा गुळगुळीत रस्त्यावरून एकटाच गाडी चालवायचा आणि शेवटी "बघा, अजून एवढी बॅटरी शिल्लक आहे" म्हणून पडदा दाखवायचा. त्याच्या गाडीत सासू नव्हती, डबे नव्हते आणि त्याच्या रस्त्यात मांजरसुंब्याचा घाट नव्हता. हे मी बोलून दाखवलं तर सर म्हणाले, "तुला विज्ञानातलं काही कळत नाही." राज्यशास्त्राच्या माणसानं हे सांगावं याचं मला विशेष वाटलं.

लवकरच कळलं की या गाडीच्या रेंजा, म्हणजे एकदा भरली की ती किती लांब जाते याचे आकडे, तीन असतात. एक कंपनी सांगते ती, एक पडद्यावर दिसते ती आणि एक प्रत्यक्षात मिळते ती. सरांचं पहिलीवर प्रेम होतं, दुसरीवर विश्वास होता, आणि तिसरीबरोबर संसार मात्र आम्हाला करायचा होता. घराला नवे नियम लागू झाले. एसी लावायचा नाही, तो रेंज खातो. काचा उघडायच्या नाहीत, वारा रेंज खातो. जास्त सामान घ्यायचं नाही, वजन रेंज खातं. पेट्रोल लागत नाही म्हणून घेतलेली गाडी, पण इतकं खाणारी गाडी मी पहिल्यांदाच पाहत होते.

गावातल्या गावात मात्र ती गुणी होती, हे खोटं नाही. शाळा, कॉलेज, मंडई, कुणाकडे हळदीकुंकू. रात्री पोर्चमध्ये वायर लावली की सकाळी भरलेली. शेजारी विचारायचे, "सर, किती देते?" आणि सर कंपनीचा आकडा सांगायचे. मी त्या वेळी स्वयंपाकघरात असलेली बरी, असं आम्हा दोघांनाही वाटायचं.

मार्चच्या अखेरीस सासूबाईंना लातूरला न्यायचं ठरलं. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन तिथं झालं होतं आणि डॉक्टरांनी तपासणीला बोलावलं होतं. मी म्हटलं, एसटीनं जाऊ, नाहीतर एखादी गाडी भाड्यानं करू. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना खुर्ची सोडायला सांगितली.

"जाऊन येऊन रेंजमध्ये बसतं," ते म्हणाले. "आणि अडलंच तर लातूरला चार्जर आहेत. ॲपवर हिरवे दिसतात."

"आणि वाटेत?"

"वाटेत कशाला लागतंय?"

सकाळी निघालो. पुढे सर आणि मी, मागे ऑपरेशनचा काळा चष्मा लावून सासूबाई. त्या चष्म्यात त्या एखाद्या माजी आमदारासारख्या दिसत होत्या. मांजरसुंब्याचा घाट चढताना पडद्यावरचा आकडा असा उतरू लागला, जसा निकालाच्या दिवशी उमेदवाराचा चेहरा. सर म्हणाले, "काळजी नको. हाच घाट येताना उतार आहे. उतारावर गाडी आपोआप भरते." म्हणजे आता गेलेलं संध्याकाळी परत मिळणार होतं. निसर्गाशी असा करार मी तरी कधी पाहिला नव्हता.

घाट चढून थोडं पुढे गेलं की नेकनूर. नेकनूर आलं की तेव्हा आमच्यात कुणी बोलायचं नाही. एसटीतसुद्धा बोलायचो नाही, त्यात विजेचा काही दोष नाही.

नेकनूरला माझी नणंद राहते. सरांची थोरली बहीण. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. अक्काचं घर रस्त्यावरूनच दिसतं. पुढे कडुलिंब, बाजूला गोठा, मागे दाजींची शेती. पण तीन वर्षांपासून सरांनी त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. कारण अर्थातच फार गंभीर होतं. अक्काच्या मुलाच्या लग्नात मामाला, म्हणजे सरांना, फेटा बांधला गेला नाही. ऐन वेळी एक पुढारी माणसांचा लोंढा घेऊन आला, आणलेले फेटे त्या लोंढ्याच्या डोक्यांवर गेले, आणि आमच्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांचं डोकं उघडं राहिलं. सर न जेवता उठले. आईला उठवलं, मला उठवलं. मी तेव्हा नुकती जिलेबी घेतली होती. मंडपाच्या दारात दाजी आडवे आले तेव्हा सर म्हणाले, "तुमच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही." दाजी म्हणाले, "नका पिऊ. पर आता याल तं स्वतःच्या पायानं याल, मी बोलवायला येनार न्हाई."

झालं. दोन सुजाण पुरुषांनी असा तह केल्यावर बायकांना काय काम? अक्का फोनवर आईशी बोलायची आणि दोघी फोन ठेवल्यावर रडायच्या. सर तेव्हा दुसऱ्या खोलीत जगातल्या सीमावादांवर टिपणं काढायचे.

तर त्या सकाळी नेकनूर आलं, सासूबाईंनी काळा चष्मा काढून काचेला डोकं टेकवलं, कडुलिंब गेला, चष्मा पुन्हा डोळ्यांवर आला. सर सरळ रस्त्याकडे बघत होते.

लातूरला डोळ्यांचं काम चटकन झालं. डॉक्टरांनी थेंब टाकले, डोळा छान आहे म्हणाले. राहिलं गाडीचं. ॲपवरचा पहिला हिरवा चार्जर एका हॉटेलच्या आवारात होता. तिथं पोचलो तर चार्जरसमोर एक पांढरी पेट्रोलची गाडी सावलीला लावलेली. गाडीवाला आत जेवत होता. सर आत जाऊन त्याला सभ्यपणे समजावून सांगू लागले. तो म्हणाला, "सर, जेवण झालं की काढतो," आणि त्यानं आणखी एक रोटी मागवली.

ती पांढरी गाडी निघाली तेव्हा कळलं की चार्जरला ॲप लागतं, आणि ते सरांच्या मोबाईलमधलं नाही, वेगळं. ते उतरवलं. त्यानं नाव विचारलं, पत्ता विचारला, ओटीपी पाठवला. ओटीपी आला तोपर्यंत त्याची वेळ संपली. दुसरा मागवला. चार्जर सुरू झाला, सरांनी माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं, आणि चार्जर बंद पडला. हॉटेलचा माणूस म्हणाला, "दुपारच्याला असंच करतंय ते. एसी सगळे चालू असत्यात ना."

असं थोडं थोडं करत अर्ध्याच्या वर भरलं. मी म्हटलं, थांबू अजून. सर म्हणाले, "बास झालं. परतीला उतारच आहे." लातूर ते बीड सगळा उतार असल्याचं भूगोलाच्या कुठल्याच पुस्तकात मी वाचलेलं नाही, पण मी गाडीत जाऊन बसले. सासूबाईंच्या डोळ्यात थेंब होते. त्यांना ऊन लागू नये म्हणून एसी लावणं भाग होतं. आईच्या डोळ्यांपुढे नियम हरला, हे सरांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे.

अंबाजोगाई गेलं तोवर बरं होतं. मग समोरून वारा सुटला. सर पडद्याकडे जास्त आणि रस्त्याकडे कमी बघू लागले. केजच्या अलीकडे त्यांनी हळूच एसी बंद केला. केजात ॲपनं एक नवा कोरा चार्जर दाखवला. सरांचा चेहरा उजळला. आम्ही गल्ल्या ओलांडून तिथं गेलो. चार्जर होता, खोटं कशाला बोलू. त्याच्या गळ्यात झेंडूचा वाळलेला हार होता आणि मागे मोठं फ्लेक्स, त्यावर इतके चेहरे की मधे चार्जरचं चित्र मावलं नव्हतं. शेजारच्या पानटपरीवाल्याला सरांनी विचारलं, हे सुरू कसं करायचं?

"त्याचं उद्घाटन झालंय सर."

"हो, ते दिसतंय. पण चालू?"

"चालू कसं व्हईल? लाईटचं कनेक्शन कुठं हाय त्याला? उद्घाटन तेवढं झालंय."

मला हसू आवरेना. सर म्हणाले, "यात हसण्यासारखं काय आहे?" खरोखरच काही नव्हतं, म्हणून तर हसू येत होतं.

केज सोडलं. आता काचा बंद, एसी बंद, पंखासुद्धा बंद. गाडी इतकी हळू की मागून येणारी प्रत्येक गोष्ट आम्हाला ओलांडून जात होती. ऊसतोडीहून परतणाऱ्या लोकांचा एक ट्रॅक्टर मागून आला. दोन ट्रॉल्या, त्यात बिऱ्हाडं, भांडी, बकऱ्या, माणसं. ट्रॅक्टर आमच्या बरोबरीला आला तशी ट्रॉलीतली एक बाई वाकून म्हणाली, "बंद पडली का व बाई?"

"नाही, चालू आहे," मी काच बोटभर खाली करून म्हटलं.

"मंग अशी कावून चालतीया?"

ट्रॅक्टर पुढे गेला. ट्रॉलीतली बकरी बराच वेळ आमच्याकडे बघत होती.

थोड्या वेळानं पडद्यावर लाल कासव आलं. हे मी अलंकारिक बोलत नाही. बॅटरी संपत आली की या गाडीत खरोखर कासवाचं चित्र उमटतं आणि मग ती कासवासारखीच चालते. गाडी बनवणाऱ्यांनाही विनोदबुद्धी असते, हे मला तेव्हा समजलं.

"मांजरसुंब्यापर्यंत गेलं पाहिजे," सर स्वतःशीच पुटपुटत होते. "तिथून घाट. मग काही प्रश्न नाही."

मागून सासूबाई म्हणाल्या, "नेकनूरला लेकीकडं घे."

"आई, तू मध्ये बोलू नको."

"मदी न्हाई बोलत. मागूनच बोलतीया."

सरांनी तरी एक शेवटचा प्रयत्न केला. रस्त्याकडेला धाबा होता. त्यांनी गाडी तिथं घेतली आणि मालकाला विचारलं, मोबाईलसारखीच गाडी जरा चार्ज करू द्याल का? मालक भला माणूस. त्यानं रसवंतीच्या मशीनमागचा बोर्ड दाखवला. सरांनी डिकीतून वायर काढली, लावली. आधी चार्जरवर लाल दिवा लुकलुकला, मग धाब्याचे पंखे थांबले, मग रसवंती थांबली, आणि आतून कुणीतरी ओरडलं, "काय लावलं बे तिथं? काढ, काढ!" मालकानं हात जोडले. "सर, तुमी जेवा, चहा घ्या, पर गाडीला इथं जेवाय घालू नका."

पुन्हा कासव. नेकनूरचा कडुलिंब दिसायला लागला तेव्हा पडद्यावर टक्केवारीसुद्धा दिसेनाशी झाली होती, नुसत्या दोन रेघा. सरांनी ब्रेक न लावताच गाडी मंदावली. वळण घेताना ते एवढंच म्हणाले, "मी खाली उतरणार नाही. पाणी पिणार नाही. वायर लावायची, भरलं की निघायचं. हे आधीच सांगून ठेवतो."

गाडी अक्काच्या अंगणात शिरली आणि कडुलिंबाखाली पोचून आपण होऊन उभी राहिली. मराठवाड्यात असं गपकन थांबण्याला आम्ही बसली म्हणतो. गाडी बसली.

अक्का दारात धान्य निवडत होती. तिनं आधी गाडी ओळखली नाही. ओळखणार कशी, कधी दारात आलीच नव्हती. मग मागचं दार उघडून सासूबाई बाहेर आल्या, काळा चष्मा, डोळ्यात थेंब, अंधुक दिसत असतानाही पाय मात्र बरोबर तिच्याकडे निघाले. अक्का सूप टाकून धावली. त्या दोघींचं पुढं काय झालं ते मी सांगत नाही.

दाजी गोठ्यातून आले. धोतर, बंडी, हातात वैरणीची पेंढी. त्यांनी गाडीकडे पाहिलं. गाडीत सर सरळ समोर बघत बसले होते, जणू गाडी अजून चालूच आहे. दाजींनी पेंढी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळले.

"वैनी, काय झालं?"

मी सांगितलं. चार्जिंग संपलं, वायर लावायला जागा हवी.

"आन् पाव्हणं?"

"ते उतरणार नाहीत म्हणतात."

दाजींची मिशी थोडी हलली. "बरं. पर त्यांना म्हनावं, आले तं स्वतःच्याच पायानं."

गाडीतून आवाज आला, "त्यांना म्हणावं, मी चाकांवर आलोय, पायांनी नाही."

तिथून पुढे सगळा कारभार माझ्यामार्फत चालला. दोघांत चार पावलांचं अंतर, आणि दुभाषी मी. घरात जड वायर फक्त पिठाच्या चक्कीसाठी घेतलेली होती. चक्की बाजूला सरकवली, गाडीची वायर खिडकीतून आत घेतली. पण लावली तरी चार्जर लालच.

"त्यांना म्हणावं, अर्थिंग सुकलंय," सर गाडीतून म्हणाले. "अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता."

"त्यांना म्हनावं," दाजी म्हणाले, "माझ्या घरात पानी कुठं ओतायचं ते मला कळतंय." आणि त्यांनी बादली आणून बरोबर तिथंच ओतली. दिवा हिरवा झाला. पण आता चक्कीच्या त्या एका वायरीवर गाडी आणि कूलर दोन्ही चालेनात, म्हणून अक्कानं कूलर बंद केला. अख्खं घर घामाघूम झालं आणि गाडी सावलीत उभी राहून पीत बसली.

आम्ही आत गेलो. सर बाहेर. त्यांनी काचा खाली घेतल्या होत्या. समोर दाजींची म्हैस बांधलेली होती. ती रवंथ करत सरांकडे बघत होती आणि सर मोबाईलमध्ये बघत असल्यासारखं करत होते. अक्कानं चहा केला आणि कप घेऊन गाडीपाशी गेली. परत आली तर कप तसाच. मग पाणी नेलं, तेही तसंच. तिसऱ्यांदा ती नुसतीच गेली, भावाच्या खांद्यावर खिडकीतून हात ठेवून उभी राहिली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. सर हललेसुद्धा नाहीत, पण त्यांनी हातही काढला नाही.

आणि मग लाईट गेली.

दाजींनी ओट्यावरून आभाळाकडे पाहिलं, मग खांबाकडे. खुर्ची उचलली, गाडीच्या दाराशी नेऊन ठेवली आणि बसले. पहिल्यांदाच मला मध्ये न घेता थेट बोलले.

"आता कवा येईल सांगता येत न्हाई."

सरांनी मोबाईल खाली ठेवला.

"फेट्यासाठी उपाशी गेलतात तुमी त्या दिवशी," दाजी म्हणाले. "माझ्या डोक्यावर तरी व्हता का फेटा? माझ्या पोराचं लगीन, अन् मी रुमाल गुंडाळून फिरत व्हतो. कुनी बघितलं?"

"मग त्या लोंढ्याला वाटायचे कशाला? आधी घरची माणसं."

"तुमी सांगा की मंग त्यांना! तुमी तं राजकारन शिकिवता. मला शेतात लाईन पाह्यजे, रस्ता पाह्यजे. मी कुनाच्या डोक्यावरचा फेटा काढून घिऊ?"

"मी राजकारण शिकवत नाही, राज्यशास्त्र शिकवतो."

"काय फरक हाय ते तरी सांगा."

मग जे सुरू झालं ते भांडणच होतं, खरं, खणखणीत. तीन वर्षं दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. पत्रिकेत मामाचं नाव कितव्या ओळीत होतं, आहेर कुणी परत पाठवला, अक्का हळद लागलेल्या हातांनी मंडपात कशी रडत बसली, दिवाळीला कुणी कुणाला फोन केला नाही. दाजी उभे राहून बोलत होते, सर बसून. गाडीत बसून भांडणं तसं अवघड जातं. हात पसरायला जागा नसते. शेजारचे दोघेजण कुंपणाशी येऊन ऐकायला उभे राहिले. मी दारातून बघत होते आणि मला आश्चर्य याचं वाटत होतं, की दोघांचाही चेहरा हळूहळू सैल होत होता. माफी कुणीच मागितली नाही. तशी वेळच आली नाही, कारण सर भांडता भांडता अचानक थांबले.

"काय झालं?" दाजींनी विचारलं.

सर खाली बघून म्हणाले, "बाथरूम कुठंय?"

लातूरपासून त्यांनी बाथरूमचं तोंड पाहिलं नव्हतं. पाणी न प्यायची शपथ त्यांनी घेतली होती खरी, पण आधी प्यायलेल्या पाण्याचा विचार तेव्हा झालेला नव्हता. दाजी काही क्षण त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता हसतील, आणि हसले असते तर सर आणखी तीन वर्षं आले नसते. पण दाजी हसले नाहीत. त्यांनी गाडीचं दार उघडून धरलं आणि म्हणाले, "घरातूनच जा. मागलं दार उघडं हाय."

सर उंबरा ओलांडून घाईघाईनं गेले. या घराण्यातला एवढा मोठा प्रसंग इतक्या झटपट पार पडेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

परत आले तर मागच्या दारात अक्का तांब्या आणि टॉवेल घेऊन उभी. त्यांनी हातपाय धुतले. मग पुढच्या खोलीत आले आणि आता कुठं बसावं हे न कळून उभे राहिले. सासूबाईंनी पलंगावर शेजारी हात आपटला. ते तिथं बसले. अक्कानं पाणी दिलं, ते प्यायले.

लाईट यायला बराच वेळ लागला. तोवर अक्कानं धपाटे केले, दही होतं, शेंगदाण्याची चटणी होती. उकाड्यात घामाघूम होत आम्ही सगळे जेवलो. दाजी आणि सर शेजारी बसले आणि त्यांनी जगातल्या सगळ्या सरकारांच्या चुका काढल्या. लाईट आली तेव्हा ती आल्याचं पहिल्यांदा गाडीच्या चार्जरनं सांगितलं आणि सर ताटावरून उठून बघून आले.

अंधार पडला तोवर मांजरसुंब्यापर्यंत जाण्याइतकं भरलं. निघायची वेळ झाली तर सासूबाई जागच्या हलेनात.

"मी ऱ्हाते इथं. वजनानं तुझी गाडी दमती."

"आई, वजनाचं एवढं काही नसतं," सर म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी लग्नापासून, निदान गाडी घेतल्यापासून, वाट बघत होते.

सासूबाई राहिल्या. आम्ही दोघं मांजरसुंब्याला पोचलो, घाट उतरलो. उतारावर आकडा खरंच थोडा वर चढला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी "छान" म्हटलं. तेवढं देणं माणूस लागतोच.

सासूबाई महिनाभर नेकनूरला राहिल्या. त्यांना आणायला गेलो, मग सोडायला गेलो, मग नुसतेच गेलो. सर कधीच "बहिणीकडे चाललो" असं म्हणत नाहीत. केजला, अंबाजोगाईला, कुठंही काम निघालं की म्हणतात, "वाटेत चार्जिंगला थांबू." परवा तर फक्त नेकनूरला जायचं होतं, तरी चार्जिंगलाच गेलो. दाजींनी कडुलिंबापाशी जाड वायर ओढून नवा बोर्ड बसवलाय. विचारलं तर म्हणतात, "कडब्याच्या मशीनसाठी घेतला." कडब्याचं मशीन गोठ्याच्या पलीकडच्या टोकाला आहे.

दोघांचं सगळं छान चाललंय असं मात्र समजू नका. मागच्या खेपेला गावातल्या निवडणुकीवरून पुन्हा पेटलं. दाजी त्याच फेटेवाल्या पुढाऱ्याच्या बाजूला आणि सर विरुद्ध. आवाज चढले, सर ताडकन उठले, चप्पल घातली, "चल, निघायचं" मला म्हणाले आणि तरातरा गाडीपाशी गेले. दार उघडून पडद्याकडे वाकून पाहिलं. मग दार लावलं, परत येऊन चप्पल काढली आणि दाजींच्या शेजारी बसत म्हणाले, "हां, तर तुमचा मुद्दा काय होता?"